कॉलरखालची पट्टी

सुनेला पहिलं मूल व्हायचं होतं, ते वर्ष. आदल्या डिसेंबरच्या अखेरीला तिला सहावा सरून सातवा लागला आणि डॉक्टरांनी जिना चढायची मनाई केली. म्हणून वरच्या खोलीतला तिचा पलंग खाली, लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत आणून टाकला. नवरा जहाजावर होता. मूल पालथं पडायला लागेपर्यंत तो काही येत नव्हता. दिवसभर पडून छताकडे किती बघणार? मग ती उशीला टेकून दरवाजातून सासऱ्याचे व्हिडिओ काढायला लागली.

सासऱ्याला सगळी गल्ली काका म्हणायची. खळ कडक, इस्त्री कडक आणि जीभ दोन्हींपेक्षा कडक. सुनेने व्हिडिओंना नाव दिलं 'कडक काका'. त्यात फार काही नसायचं. काका टेबलाशी उभे राहून इस्त्री फिरवत असायचे, गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी पेपरातली बातमी मोठ्याने वाचायचं आणि काका मान वर न करता त्यावर एक वाक्य टाकायचे.

"रस्ते आरशासारखे करणार म्हणे."

"नका करू म्हणावं. त्यात आपली तोंडं दिसतील."

नायक साठीचा आणि नायिका विशीची, अशी जाहिरात आली तेव्हा काका म्हणाले, "सरासरी चाळीस. जोडा बरोबर जमलाय." कोणी एक पुढारी तिसऱ्यांदा पक्ष बदलून आला तेव्हा म्हणाले, "कॉलर झिजली की उलटवून शिवतात, तसं आहे ते. सदरा तोच. मानेचा मळही तोच."

लोक हसायचे, पुढे पाठवायचे. बघणारे हजारांवर गेले. काकांना त्यातलं फारसं काही कळत नव्हतं. सूनबाई हसते, अन्न अंगी लागतं, एवढं त्यांना पुरे होतं. काकू मात्र कपडे भिजवता भिजवता म्हणायच्या, "एक दिवस ही जीभ आपल्याला इस्त्रीखाली घेणार आहे."

या लॉन्ड्रीत देशाच्या अध्यक्षांचे कपडे यायचे. काकांच्या वडिलांपासून यायचे. आधीच्या अध्यक्षांचे, त्यांच्याही आधीच्यांचे. बंगला टेकडीवर होता, आणि तिथून दर सोमवारी सात सदरे खाली यायचे, धुतलेले सात वर जायचे. पांढरे, बंद गळ्याचे, उंच कॉलरला तीन बटणं. असा सदरा दुसरं कोणी घालत नसे. दिवसाला एक, वरून एकेक उचलायचा, हा बंगल्याचा नियम. सोमवारी वर गेलेला गठ्ठा मंगळवारी उघडायचा.

सदरे आणायचा तो बंगल्यावरचा जुना नोकर. तपकिरीच्या व्यसनामुळे त्याला सगळे तपकिऱ्या म्हणत. उजव्या हाताने चिमूट ओढायची आणि डाव्या बाहीला नाक पुसायचं, ही त्याची एकतीस वर्षांची सवय. त्याच्या बायकोने आधी भांडून पाहिलं, मग ती मरून गेली, पण बाही काही पांढरी राहिली नाही. तो लॉन्ड्रीत येऊन बाकावर बसायचा, काकू चहा द्यायच्या, आणि दोघे म्हातारे सिनेमातल्या बायकांची लग्नं मोडायचे आणि जुळवायचे. बंगल्यातलं तो अवाक्षर बोलत नसे. काकाही विचारत नसत. अध्यक्षांचे केस किती काळे, हे त्यांना कॉलरच्या आतल्या डागावरून कळायचं. तेवढं राजकारण त्यांना पुरत होतं.

आता काकांच्या घडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच घडलं. उंच कॉलर दबू नये म्हणून तिच्याखाली वर्तमानपत्राची चार बोटं रुंद पट्टी घालायची, ही त्यांच्या वडिलांची पद्धत. इतर लॉन्ड्रीवाले पुठ्ठा घालतात. काका पट्टीच घालत, आणि तीही सिनेमाच्या पानाची, कारण तो कागद जाड आणि गुळगुळीत असतो. वाचायला ते चाळिशीनंतर शिकले, तेही या पट्ट्या कापता कापता. त्यामुळे कोणत्या सदऱ्यात कोणती बातमी गेली, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसायचं.

तीस जानेवारीचा सोमवार. सकाळीच बातमी आली होती की त्या महिन्यात वाजतगाजत लग्न केलेली नटी पंधरा दिवसांत नवऱ्याला सोडून माहेरी गेली. मास्तर, म्हणजे निवृत्त शिक्षक, जे फुकट पेपर वाचायला लॉन्ड्रीत यायचे, ते हे वाचतच होते तेवढ्यात तपकिऱ्या गठ्ठा घेऊन दारात उभा राहिला.

"ऐकलंस का रे?" काका म्हणाले. "तुझी लाडकी परत आली माहेरी."

"जाईल परत," तपकिऱ्या म्हणाला. "नवरा चांगला आहे."

"नाही जायची."

"जाईल. लाव पैज."

"वर्षभराचा सोमवारचा चहा."

"लावली."

पण तो बसला नाही. डबी काढली, हातात धरली आणि चिमूट न घेताच परत खिशात टाकली. काकू कप घेऊन बाहेर आल्या तर हा पायरी उतरलेला.

"काय रे, पाठीमागे कोण लागलंय?"

"आज नको वहिनी. नेहमीसारखं आहे सगळं," तो म्हणाला. काकूंनी असं काही विचारलंच नव्हतं.

त्या दिवसांत अध्यक्षांना सर्दी झाल्याचं टीव्हीवर सांगत होते. सर्दी होती, पण कामकाज चालू होतं. मास्तर म्हणाले, "दहा दिवस सर्दी म्हणजे नाक आहे की नळ?" लोक हसले. काकांनी गठ्ठ्याची गाठ सोडली आणि ते थबकले.

सातही सदरे काकांनीच घातलेल्या घडीत होते. वरचा उचलून कॉलर वर केली. आत पट्टी होती. पट्टीवर नटी नवरीच्या वेषात हसत होती.

त्या वेळी थांबायला हवं होतं. पण मास्तर समोर होते, दातांच्या दवाखान्यातली बाई आपले पांढरे कोट घ्यायला आली होती, आणि आत उशीला टेकून सुनेने फोन धरलेला होता. जीभ डोक्याच्या आधी सुटली. मान खालीच ठेवून काका म्हणाले,

"बाहेर हिचा काडीमोड व्हायची वेळ आली, या सदऱ्यात अजून हळदच ओली आहे. घडी कोणी मोडलीच नाही. ज्याचा आहे त्याला कपडे लागत नाहीत की काय हल्ली?"

सगळे हसले. सून इतकी हसली की पोटाला हात लावून बसली. व्हिडिओत काकांच्या हाताखाली तो सदरा स्पष्ट दिसत होता, उंच कॉलर आणि तीन बटणं. तो व्हिडिओ तिने दुपारी टाकला. दिवे लागेपर्यंत तो एवढ्या लोकांनी पाहिला की तिचा फोन गरम झाला.

खाली लोकांनी नाना तऱ्हेचं लिहिलं होतं. कोणी म्हणे, अध्यक्ष बनियनवर राज्य करतात. कोणी म्हणे, सर्दीला सदरा सोसत नसेल. एकाने नुसतं विचारलं होतं, "सात दिवस एकही नाही?" त्या एका ओळीखाली कोणी विनोद केला नव्हता.

काकूंनी ती ओळ सुनेकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, "काढून टाक ते." सुनेने काढून टाकलं. पण तोवर ते हजार फोनांत जाऊन बसलं होतं.

शुक्रवारी एक माणूस आला. पन्नाशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. त्याने खिशातून हातरुमाल काढून टेबलावर ठेवला.

"एवढा इस्त्री करून द्या."

"याला इस्त्री आहे की."

"पुन्हा करा," तो म्हणाला आणि तपकिऱ्याच्या जागी बाकावर बसला. मास्तरांनी पेपराची घडी घातली आणि कुणाला काही न सांगता घरी गेले. त्या दिवसापासून ते पेपर विकत घ्यायला लागले.

"माझी बायको तुमची मोठी चाहती आहे, काका. जेवताना तुम्ही लागल्याशिवाय घास घेत नाही."

"बारीक झाल्या असतील. चार दिवस आम्ही काही टाकलं नाही."

हातरुमालवाला मनापासून हसला. हसून झाल्यावर म्हणाला, "सदरे घातले नाहीत, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पट्टीने."

"पट्टीला तोंड नसतं, काका."

काकांनी त्याला घडी करून दाखवली. पट्टी कशी जाते, सदरा उघडला की ती कशी सरकते, सगळं सांगितलं. माणूस चांगल्या विद्यार्थ्यासारखा ऐकत होता. एक घडी त्याने स्वतःही करून पाहिली, आणि ती वाईट नव्हती. मग त्याने विचारलं, "तपकिऱ्याची आणि तुमची किती वर्षांची ओळख?"

"एकतीस."

"दर सोमवारी चहा."

"दर सोमवारी."

"या सोमवारी?"

"या सोमवारी थांबला नाही."

"का?"

काकांच्या हातातली इस्त्री एका जागी क्षणभर जास्त राहिली. "घाईत होता."

"एकतीस वर्षं दर सोमवारी चहा, आणि ज्या सोमवारी सांगण्यासारखं काही होतं, नेमका त्याच सोमवारी गप्प. मला पटतंय हो. पण माझ्या वरच्यांना मी कसं पटवू? ते म्हणतात, घडी बोलत नाही, माणूस बोलतो." त्याने हातरुमाल उचलला, तसाच खिशात ठेवला, आणि मागच्या खोलीकडे पाहून विचारलं, "सूनबाईंना कितवा?"

"आठवा."

"जपा."

दुसरा व्हिडिओ त्याच संध्याकाळी काढला. वाक्यं हातरुमालवाल्याने दिली होती: परवा मी गंमत केली, ते सदरे दुकानातून आलेले नवे होते, कोणी गैरसमज करून घेऊ नये. सुनेने फोन खळीच्या डब्याला टेकवून ठेवला. काकांनी सांगायचं ते सांगितलं. हा व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त चालला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, "काका आज पहिल्यांदाच मान वर करून बोलले."

सोमवारी गठ्ठा आला, पण तपकिऱ्या आला नाही. मिशीवाला एक ड्रायव्हर गाडीतून उतरला, गठ्ठा टेबलावर टाकला, धुतलेले सात मोजून घेतले.

"तपकिऱ्या कुठे आहे?"

"गावी गेलाय."

"त्याला गाव कुठलं? बायको इथेच मेली, तोही इथलाच."

ड्रायव्हरने खांदे उडवले. तो फक्त गाडी चालवत होता.

या खेपेचे सदरे मळलेले होते. सातही, चांगले अंगावर घालून मळवलेले, जरा घाईतच. काकांना हायसं वाटलं. म्हणजे सर्दीच होती, असं त्यांना वाटलं. त्यांनी कॉलर उलटी केली. केसांच्या रंगाचा काळा डाग कुठेच नव्हता. काकूंनी सदरे भिजवायला घेतले आणि एका सदऱ्याची डावी बाही उचलून नवऱ्यासमोर धरली. बाहीच्या टोकाला तपकिरी पुसट पट्टा होता. काकूंनी ती नाकाजवळ नेली आणि त्यांना शिंक आली.



"कपडे मळवायला माणूस ठेवलाय," काकू म्हणाल्या.

"निदान तो आहे तरी," काका म्हणाले.

पुढच्या सोमवारपासून शिस्त लागली. दिवसाला एक, सात दिवस, सात बाह्या. काका आता गठ्ठा सोडताना कॉलर बघतच नसत, आधी बाही बघत. पहिली, दुसरी, तिसरी, सातही मोजून झाल्या की इस्त्री तापत ठेवायचे. व्हिडिओ बंद झाले होते. गिऱ्हाइकं विचारायची, "काका, काहीतरी बोला की." काका म्हणायचे, "आवाज बसलाय." लोक त्यालाही हसायचे. त्यांना ती अध्यक्षांच्या सर्दीवरची कोपरखळी वाटायची.

सुनेने एकदा विचारलं, "बाबा, खरं काय ते सांगून टाकू या का? एवढे लोक बघतात आपल्याला."

"बघतात," काका म्हणाले. "बघणाऱ्यांपैकी एक जण हातरुमाल घेऊन आला होता. बाकीचे कोणी आले का?"

पण हात गप्प बसेनात. तपकिऱ्याला अक्षर येत नव्हतं, चित्रं मात्र तो बारकाईने बघायचा. काका सिनेमाच्या पानातून पट्ट्या निवडून कापायला लागले. नटी विमानतळावर, नटी काळा चष्मा लावून, नटी एकटी कुत्रं घेऊन फिरताना. ज्या पट्टीत नवरा शेजारी नसेल ती मुद्दाम घालायचे. म्हणजे, बघ, नाही गेली परत, चहा तुझ्यावर. कोणी तपासलं असतं तर रद्दी कागद होता तो. एकतीस वर्षं घालत होते तसाच.

वीस फेब्रुवारीला उत्तर आलं. एका सदऱ्याच्या खिशात नटीचं तोंड असलेली पट्टी घडी करून ठेवली होती, तपकिरीची पुडी बांधतात तशी. काकांनी ती उलगडली. आत चिमूटभर तपकीर. काकांनी आयुष्यात कधी तपकीर ओढली नव्हती. त्या दिवशी ओढली, सतरा वेळा शिंकले, आणि काकू आतून म्हणाल्या, "वेड लागलंय का?" पण त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मार्चच्या एक तारखेला बातमी आली. नटी नवऱ्याकडे परत गेली. पान भरून फोटो होता, दोघं एका गाडीत. पैज काका हरले.

तोवर त्या आठवड्याचे तीन सदरे घडी होऊन बसले होते. चौथा टेबलावर होता. काकांनी तो फोटो नीट कापला, दोघांची तोंडं पट्टीत येतील असा, आणि चौथ्याच्या कॉलरखाली घातला. हा सदरा वर ठेवावा, म्हणजे मंगळवारीच त्याच्या हातात पडेल, असं मनात आलं होतं. त्यांनी हातही पुढे केला. मग मिशीत हसून मागे घेतला आणि तो सदरा तिघांच्या खालीच सरकवला. जिंकलाय तर जरा वाट बघू दे म्हाताऱ्याला. तीन दिवसांनी काय बिघडतंय. सहा तारखेला गठ्ठा वर गेला.

तेरा तारखेला ड्रायव्हर आला तेव्हा काकांनी कप मांडून ठेवले होते. का, ते त्यांचं त्यांना माहीत. गाठ सोडली. पहिल्या सदऱ्याची बाही तपकिरी होती. दुसऱ्याचीही. तिसरा सदरा घडी न करता गुंडाळलेला होता. तो उलगडला तर डावी बाही मनगटापासून खांद्यापर्यंत कात्रीने कापलेली, आणि तीन बटणं जागच्या जागी लागलेली असूनही पुढचा भाग सरळ चिरलेला. माणसाला हात उचलता येत असला की सदरा असा काढावा लागत नाही.

"हा फाटलेला कशाला पाठवला?" काकूंनी ड्रायव्हरला विचारलं.

"सात जातात, सात यायचे," तो म्हणाला. "नेहमीसारखं."

खालचे चार सदरे काकांच्या घडीत होते. चौथ्याची कॉलर काकांनी वर केली. नटी आणि तिचा नवरा गाडीत बसून हसत होते. पट्टी केसभरही सरकली नव्हती.

मांडलेले कप काकूंनी उचलले. काकांनी इस्त्रीची तार भिंतीतून काढली आणि ते बाकावर बसले, आपल्या जागी नव्हे, तपकिऱ्याच्या जागी.

नऊ दिवसांनी टीव्हीवर सकाळपासून उदास वाद्य वाजू लागलं. अध्यक्ष गेले. शेवटच्या दिवसापर्यंत ते फायली बघत होते, असं सांगितलं. लोकांनी आपापल्या फोनवर काळे चौकोन लावले. नटीने नवऱ्यासह उभं राहून दुःख व्यक्त केलं. दातांच्या दवाखान्यातली बाई कोट घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "काका, आज तरी दोन शब्द बोला. तुम्ही त्यांचे कपडे धुतलेत." सुनेने आत फोन हातात घेतला, काकांकडे पाहिलं, आणि उशीखाली ठेवला.

काकांनी मान खाली घालून एक कोट उलटवला आणि पाठीवर इस्त्री फिरवली.

"त्या दिवशी माझी जीभ गप्प बसली असती, तर आज मी चहा पाजत असतो," ते म्हणाले. बाईला काही कळलं नाही. तिने पैसे दिले आणि गेली.

संध्याकाळी काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मागे मोजत नेले. सोमवार सहा. मंगळवारी पहिला सदरा, बुधवारी दुसरा, गुरुवारी तिसरा. शुक्रवारचा कोणी उघडला नाही.

अध्यक्ष बावीस मार्चला, बुधवारी वारले, असं जाहीर झालं. तेवीस जानेवारीनंतर त्यांनी लॉन्ड्रीचा एकही सदरा घातला नव्हता. तपकिऱ्या नऊ मार्चला, गुरुवारी वारला.